हतनूरच्या पाणथळीवर पक्षीपर्यटन उभारताना

खान्देशाला समुद्रकिनारा नाही. परंतु तापी-पूर्णा संगमाच्या खाली धरण बांधल्याने तयार झालेल्या जळगाव जिल्ह्यातील हतनूर जलाशयाच्या उथळ काठांवर हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब आणि मोठी लालसरी असे स्थलांतरित पक्षी उतरतात. येथे पर्यटन उभारायचे असेल, तर निवास आणि नौका यांचा विचार नंतर करावा. आधी कोणता काठ माणसांसाठी बंद राहील, हे ठरवावे.

हे ठरवणे गावावरच येते, कारण पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय आपल्या व्याख्येतून वगळले आहेत. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरही बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले, पण ते अभयारण्य असल्याने तेथे वनविभागाचा अंमल चालतो. हतनूरला पाण्याची मालकी जलसंपदा विभागाकडे, जाळी मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांची आणि गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावरची पेरणी, शेतकऱ्यांची. तेव्हा ग्रामसभेत या सर्वांना बसवून, गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत ठराव करून घ्यावा आणि जलसंपदा विभागाची लेखी परवानगी मिळाल्याखेरीज एकही खुंटी ठोकू नये.

बंद पट्टा आखताना कायमचे खांब रोवण्यात अर्थ नाही. आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी धरणातून सोडायचे पाणी, सुटले की पाणी मागे सरकते, नवा चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिकडे जातात. म्हणून अंतर पाण्याच्या कडेपासून मोजावे आणि दर आवर्तनानंतर पुन्हा आखावे. ही कड कुठे सरकेल, हे मासेमारांइतके कोणालाच ठाऊक नसते. वाटाडे त्यांच्यातलेच नेमावेत आणि मानधन त्यांच्या हाती थेट पडेल अशी व्यवस्था करावी.

यांत्रिक नौका मुळीच नको, कारण एका फेरीत सगळा थवा उठतो. त्याऐवजी पूर्वेच्या काठावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, आडोसा करावा, म्हणजे सकाळचे ऊन पाठीशी राहून पक्षी स्वच्छ दिसतात आणि हंगाम संपल्यावर आडोसा उचलून टाकता येतो. जेवणासाठी वेगळे उपाहारगृह कशाला? घराघरांतून भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली, तर शहरातला पाहुणा तेवढ्यासाठीही थांबेल.

उत्पन्नाचा हिशेब मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच धरावा. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरय किंवा आर्ली या पक्ष्यांची घरटी आढळल्यास पिले उडेपर्यंत तेथे वाटाड्यानेही पाऊल ठेवू नये. तापलेल्या वाळूवरून पक्षी उठवला, तर अंडी उन्हातच भाजून निघतात.