पहिलं पेमेंट कुणाच्या खात्यात जातंय ते आधी बघा

अ‍ॅक्टिंगमध्ये नवीन असाल तर ऑडिशनला काय घालायचं, इंट्रो कसा द्यायचा, अंधेरीत जिथे ऑडिशन्स चालतात त्या आरामनगरच्या रांगेत किती वाजता उभं राहायचं हे तुम्हाला माहितीये, ते सोडते. मला जुन्या मराठी सिनेमातल्या नायिका हंसा वाडकरांबद्दल बोलायचंय, कारण त्यांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' मी फार उशिरा वाचलं आणि वाचताना दोनदा मिटून ठेवलं.

मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३. वडील दारूत, घरात पैसा नाही, म्हणून पोरगी कॅमेऱ्यासमोर. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'मध्ये नायिका, म्हणजे वय काय, तेरा! पुढे 'संत सखू', 'रामजोशी'तली बया, मग १९५९ चा ह्याच नावाचा तमाशापट 'सांगत्ये ऐका', जो पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. आणि ह्याच बाईला लग्नानंतर काम सोडून नुसता संसार करायचा होता तर नवऱ्याने ते होऊ दिलं नाही, कारण घर तिच्याच कमाईवर चालायचं. १९७१ ला गेल्या, वय फक्त ४८. लोकांना ह्यातलं दारू आणि पुरुष एवढंच लक्षात राहतं. मला दिसला तो पैसा, कारण मी तिथेच आपटले.

मी तर नवव्याच वर्षी काम सुरू केलं. बाबांचं पिणं होतंच, मामाने पुढाकार घेतला, सगळे म्हणाले देवमाणूस. अठरा पूर्ण झाल्यावरही पेमेंट मामाच्याच खात्यात, कारण "तुला काय कळतंय गं त्यातलं". आता नीट वाचा. सिरियलचं पेमेंट हातात यायला ९० दिवस लागतात, त्यामुळे कुठल्या कामाचे कुठले पैसे ह्याचा माग तुमच्याच डोक्यातून जातो. बिल मामाच्या नावावर, टीडीएस (पेमेंटमधून आधीच कापलेला टॅक्स) त्याच्या पॅनवर, म्हणजे सरकारदरबारी काम त्याने केलं, तुम्ही नाही! माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर किती टॅक्स कापला गेला ते दाखवणाऱ्या इन्कम टॅक्सच्या कागदात, सहा वर्षं शून्य. टीव्हीवर रोज दिसत होते आणि भाड्याच्या रूमसाठी उत्पन्नाचा पुरावा मागितला तर दाखवायला कागद नाही. भांडायला गेले तर मामा म्हणाला हिशोब ठेवलाच नव्हता, आणि मला वाटतं ते खरंच असावं, खाल्ले वगैरे नसतील, घरातच जिरले.

म्हणून अ‍ॅग्रीमेंटवर खातं तुमचं, पॅन तुमचं, बिल तुमच्या नावाने. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरला त्याचं कमिशन तुम्ही द्या, त्याने तुम्हाला 'उरलेले' द्यायचे नाहीत. घरी पैसे द्यायचे तर जरूर द्या पण आधी तुमच्या खात्यात येऊ देत. लाज वाटते बोलायला, माहितीये. तरी बोला.

लहान मुलांच्या आईबाबांनी तर हे वाचाच, २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने एफडीत टाकावे लागतात, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. मी पोर होते तेव्हा हे नव्हतं. सेटवर आजही कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आणि ते 'गॉडफादर शोध' सांगणारे असतात ना, मला त्यांचा राग येतो. सीनियर मेकअपदादा आणि प्रॉडक्शनचे जुने अकाउंटंट ह्यांच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या हजारो रुपयांच्या वर्कशॉपमध्ये नाही. त्यातल्याच एकाने मला २६एएस काय असतं ते चहा पिता पिता दाखवलं.

घाबरवत नाहीये हां. उशीर झाला असेल तरी होतं नीट, माझं पंचविसाव्या वर्षी झालं. मामाशी बोलणं अजून तुटक आहे, दिवाळीला जाते, फराळ करते, निघते. खातं उघडायला आई बरोबर आली होती, बँकेतल्या बाकावर पदराने घाम पुसत बसलेली. पहिली एन्ट्री ३६ हजारांची. २० दिवस, २ हजार पर डे, त्यातून १० टक्के टीडीएस. आईने पासबुक हातात घेतलं आणि विचारलं, "मग आधीचे कुठे गेले गं?"