तेलाची गुळणी: तोंड किती भरायचं?

तेलाच्या गुळणीत बहुतेकांची चूक प्रमाणात होते. आयुर्वेदात याचे दोन वेगळे प्रकार आहेत. तोंड गच्च भरून, न हलवता द्रव धरून ठेवणं म्हणजे गंडूष. थोडं घेऊन तोंडात खळखळवणं म्हणजे कवल. रोजसाठी मला कवलच बरा वाटतो: सकाळी उपाशीपोटी एक चमचा कोमट तिळाचं तेल घ्या, दातांच्या फटींतून हळूहळू फिरवा. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुरेत. जबडा दुखू लागला की थांबा, उगाच ताणू नका. तेल गिळायचं नाही. बेसिनमध्येही थुंकू नका, नळी तुंबते. कागदात थुंकून कचऱ्यात टाका. मग कोमट पाण्याने चूळ भरा आणि नेहमीसारखे दात घासा, कारण गुळणी हा ब्रशला पर्याय नाही. लहान मुलांना मात्र हे करायला लावू नका, तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं.

जीभ साफ करायला तांब्याची किंवा स्टीलची जिभली वापरा. मागून पुढे, हलक्या हाताने. चरकसंहितेतही धातूच्या जिभलीचा उल्लेख आहे. तोंडाचा वास बऱ्याचदा जिभेवरच्या थरामुळेच येतो.

हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर तेलावर विसंबून राहू नका, दंतवैद्याला दाखवा. मधुमेह असेल तर लवकरच. हिरड्यांची सूज आणि रक्तातली साखर एकमेकींना वाढवतात.