पोटावरची चरबी काय सिग्नल देतेय ते कसं ओळखायचं अन् कसं सुधारायचं

मागच्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती, काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, भरतावर तेलाचा थर, अन् बाजूला बसलेले आमचे शालक म्हणे, "मी तर जाड नाहीच भो, वजन ६८, पँट ३४ ची." आठवड्याभरात त्यांच्या सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठायला लागलेली. मी बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो, म्हणून फोन मलाच आला, आणि तेव्हा जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितोय.

पहिलं काम, शिंप्याचा टेप घ्या. पँटचा नंबर धरू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो, तो नंबर पोटाचा नाहीच. उभं राहायचं, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात), आणि सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही हद्द. शालकांचं भरलं ९७.

वजन काट्यावर ठीक असूनही असं होतं ते आपल्या लोकांत जरा जास्तच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता.

आता आत काय चाललंय ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं करायला जिवावर येत नाही. चरबीची पेशी म्हणजे कापसाच्या सीझनमधलं जिनिंगचं आवार समजा. जेवण झालं, साखर वाढली, की इन्सुलिन गेटवर येऊन आवाज देतं. पेशीवरचा रिसेप्टर तो ऐकतो आणि आतल्या आयआरएस-१ नावाच्या प्रोटीनला ठरलेल्या जागी फॉस्फेटचा टिळा लावतो, ते पुढे पीआय-३ किनेज नावाच्या एंझाइमला कळवतं, तिथून एकेटी नावाच्या दुसऱ्या एंझाइमला निरोप, अन् शेवटी ग्लूट-४ नावाची दारं आतून वर येऊन साखर आत घेतात. त्याच निरोपाने अजून एक काम होतं जे सगळे विसरतात, आत साठवलेली चरबी बाहेर सोडणं तेवढा वेळ बंद होतं.

आता रोज गरजेपेक्षा जास्त माल यायला लागला की पेशी फुगते, ०.१ मिलिमीटरच्याही पुढे जाते, आणि रक्तवाहिनीतून ऑक्सिजन साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत नीट पोचतो. म्हणजे आवार गच्च, हवा नाही, गेटवर ट्रॅक्टरची रांग. गुदमरलेली पेशी धोक्याचे निरोप सोडते आणि मॅक्रोफेज नावाच्या सैनिक पेशी जमा होतात, बारीक शरीराच्या चरबीत त्या १० टक्क्यांहून कमी असतात, खूप लठ्ठ शरीरात ४० च्या आसपास जातात, मेलेल्या पेशीभोवती तर गोल कडं करून बसतात. त्या टीएनएफ-अल्फा नावाचं सूज वाढवणारं प्रोटीन सोडतात, लठ्ठ उंदरांच्या चरबीत ते १९९३ ला सापडलं होतं. त्याने जेएनके नावाचं एंझाइम चेकाळतं आणि आयआरएस-१ ला फॉस्फेट लावतं, पण भलत्याच जागी, टायरोसिनऐवजी सेरीनवर (दोन्ही त्याच प्रोटीनच्या साखळीतली अमिनो आम्लं). टिळा तोच, माणूस तोच, फक्त कपाळाऐवजी डोळ्यात गेला! इन्सुलिन बाहेर बोंबलतंय, आत कोणी ऐकत नाही, दारं वर येत नाहीत, आणि चरबी सोडणं जे बंद व्हायला पाहिजे ते चालूच राहतं. पोटाच्या आतल्या चरबीचं रक्त पोर्टल व्हेनने थेट लिव्हरला जातं, मग फॅटी लिव्हर होणार नाही तर काय.

दोन हार्मोनांचंही तसंच. लेप्टिन, जे पोट भरलंय असं मेंदूला सांगतं, ते चरबी वाढली की वाढतं पण मेंदू मनावर घेत नाही, अन् अॅडिपोनेक्टिन, जे इन्सुलिनचा आवाज नीट ऐकू यायला मदत करतं, ते उलट कमी होतं.

रिपोर्टमध्ये हे कुठे दिसतं? उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली. यातलं एखादं असेल आणि कंबरही हद्दीबाहेर असेल तर "बॉर्डरवर आहे, काही नाही" म्हणून फाइल कपाटात टाकू नका.

आता करायचं काय. सगळ्यात आधी तेलाच्या डब्यावर मार्करने तारीख लिहा, ज्या दिवशी फोडला ती. आपल्याकडे हिशोब कोणी करत नाही, फोडणी हाताच्या अंदाजाने, शेवभाजीला तर्री वर तरंगली पाहिजे, आणि शेव आधीच तळलेली असते ते तेल तर कोणी मोजतच नाही. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा दोन महिन्यात संपला म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलाच्या ४५० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात २००० कॅलरीला तेल-तूप धरून साधारण २७ ग्रॅम बसतं. आपण ३० धरू, मग तोच डबा १०० दिवस पुरला पाहिजे. भरीत सोडा असं मी म्हणणार नाही, वांगं भाजून झालं की तेल ओतायचं ते चमच्याने मोजून घाला एवढंच. वरण-बट्टीला तूप वाटीने नाही. कळण्याची भाकरी ठेवा, ज्वारी आणि उडीद दोन्ही चांगलं, पण चारऐवजी दोन आणि जोडीला पातळ डाळ, काकडी, मुळा.

दुसरं, जेवणानंतर १५ मिनिटं चाला, विशेषतः रात्री. स्नायू आकुंचन पावले की त्यांचे ग्लूट-४ इन्सुलिनचा निरोप नसला तरी वर येतात, म्हणजे पुढचं गेट जाम असलं तर मागच्या गेटने माल आत. आठवड्याला १५० मिनिटं आणि वजनात ७ टक्के घट, एवढ्यावर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, २००२ चा, डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. शालकांचे ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो, वीस नव्हे. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते.

टेप दर पंधरा दिवसांनी, सकाळी, तोच माणूस, तीच जागा. रिपोर्ट तीन महिन्यांनी. रोज वजन बघू नका, डोकं फिरतं.

शालकांच्या घरचा डबा आखाजीला (अक्षय तृतीयेला) फोडलाय, अधिक महिना नसला तर तो राखीपर्यंत जायला पाहिजे. परवा ताईचा फोन आला, अर्ध्याच्या वर शिल्लक आहे, पण पाहुणे येणारेत आणि मांडे करायचेत.