गोष्ट रंगते कशी
आधी एक माणूस घ्या आणि त्याला आजच काहीतरी हवं असू द्या. नागपूरच्या कळमना मार्केटात आंबिया बहाराची (पावसाळ्यानंतर तोडणीला येणारी) संत्री घेऊन आलेला शेतकरी: संध्याकाळच्या आत पोरीची फी भरायची आहे आणि भाव पडलाय. झाली गोष्ट सुरू. 'भाव पडला' ही नुसती बातमी, वाचून माणूस पान उलटतो. शाळेची चिठ्ठी खिशात आली की तोच भाव वाचणाऱ्यालाही बोचतो. गोष्ट लागते ती यासाठी.

मग अडचण दोन-तीनदा वाढवा, शक्यतो त्याच्याच निर्णयातून. घाईत अर्धा माल विकला आणि तासाभरात भाव चढला, असं. योगायोगाने अडचण आली तर चालते. योगायोगाने सुटली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. बहुतेक गोष्टी इथेच गंडतात.

'तो घाबरला' लिहू नका. एकच संत्रं तो पुसत राहिला, हे दाखवा. 'काहून भाऊ, देतं का नाही?' एवढी बोली पुरे. पानभर घातली तर पुण्याचा वाचक दमतो (नागपूरचाही, खरं तर).

मसुदा झाला की पहिला परिच्छेद झाकून वाचा. पहाटेच्या थंडीचं वर्णन बहुधा तिथेच असतं. काही अडलं नाही तर काढून टाका.