नको तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला? मग या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपची लिंक कुणीतरी गेटवरच्या सूचनाफलकावर चिकटवली होती. एका रात्री पावणेबाराला त्या लिंकवरून एक अनोळखी नंबर आत शिरला, लहान मुलांचे सात-आठ अश्लील, किळसवाणे फोटो टाकले आणि बाहेर पडला. पुढच्या दहा मिनिटांत एकाने ग्रुप सोडला, दोघांनी चॅट साफ केलं. खजिनदार काकांनी मात्र ‘हा नालायक कोण, ओळखा’ असं लिहून त्यातला एक फोटो शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. हेतू सगळ्यांत चांगला काकांचाच होता, आणि सगळ्यांत मोठी चूकही त्यांचीच.

लोकांना सावध करायला म्हणून केलेलं फॉरवर्डसुद्धा प्रसारणच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १५ मध्ये सूट आहे ती तक्रार करण्यासाठी आणि कोर्टात पुरावा म्हणून. शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी नाही. ओळखीच्या हवालदाराला व्हॉट्सअ‍ॅप करायचा मोहही टाळा. फोन घेऊन पोलीस ठाण्यात जा. फोटो एआयने बनवलेला असेल तरी हेच. तो खऱ्या मुलाचा वाटत असला की पोक्सोच्या व्याख्येत बसतो.

‘मी कुठे मागवला होता? माझा काय संबंध?’ हे अर्धंच खरं. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात नेमकं असंच उदाहरण घेतलंय. अनोळखी लिंक आली, उघडली आणि आत मुलांचं शोषण दाखवणारा व्हिडिओ निघाला. आत काय आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्या क्षणी तो तुमच्या ‘ताब्यात’ होता असं म्हणता येत नाही. पण कळल्यावरही बघत बसलात तर ताबा धरला जाईल. आणि लगेच बंद केलात तरी तेवढ्याने सुटका नाही. तक्रारही करायला हवी, असं न्यायालय म्हणतं. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत तर असं साहित्य ज्याला ‘मिळालं’, त्यानेच कळवायचं आहे. म्हणून ‘डिलीट केलं, विषय संपला’ ही दुसरी चूक.

कळवायचं कुठे? जवळचं पोलीस ठाणं किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे सरकारी पोर्टल. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. कुठल्या फोनवर, कुठल्या नंबरवरून, कुठल्या अ‍ॅपवर आलं एवढं सांगायचं असतं. त्यासाठी फोटोचा स्क्रीनशॉट काढू नका, ती आणखी एक प्रत झाली. नंबर, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ कागदावर उतरवा. फोनमधली प्रत कधी काढायची ते तक्रार देतानाच विचारून घ्या. आधीच काढली असेल तरी तक्रार करा.

व्हॉट्सअ‍ॅपमधलं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद ठेवा, नाहीतर न उघडताही फोटो गॅलरीत जाऊन बसतो. गॅलरीचा तो फोल्डर क्लाउडवर बॅकअप होत असेल तर तिथेही. ग्रुपमध्ये आपल्याला कोण घेऊ शकतं, तेही ‘माझे संपर्क’ एवढंच ठेवा.

अ‍ॅडमिन मंडळी अशा वेळी उगाच हादरतात. दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलंय. नंबर टिपून घ्या, मग पोस्ट सगळ्यांसाठी काढा आणि ग्रुपची लिंक बदला.

मोठ्या माणसांचे अश्लील फोटो आले तर नियम वेगळा. खासगीत नुसते बघणं गुन्हा नाही, पुढे पाठवणं आहे. बाईला तिच्या इच्छेविरुद्ध असलं काही दाखवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली ३ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा ताई, असा फोटो आला तर लाजायचं त्याने, तुम्ही नाही.

शेवटची चूक पैशांची. ‘तुमच्या नंबरवर घाणेरडे फोटो सापडलेत, अटक टाळायची तर पैसे भरा’ असा वर्दीतल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला तर कट करा. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, अशी गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जण पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न नंबरचा विचारला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण रात्रीच सगळ्यांनी सगळं पुसलं होतं. नंबर सापडला तो पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत, वेळेसकट. चष्मा नसल्याने फोटो त्यांना धड दिसलेच नव्हते. कोण मेला एवढ्या रात्री ग्रुपवर आला, म्हणून त्यांनी आधी नंबर लिहून ठेवला होता.