पंगत उठेपर्यंत मांडव सोडू नका: कर्नलमधली यूज-आफ्टर-फ्री रेस कशी दुरुस्त करायची

यूज-आफ्टर-फ्री म्हणजे फ्री केलेली, म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं; रेस म्हणजे एकाच वेळी चाललेल्या दोन कामांचा क्रम नेमका चुकला की होणारा घोळ. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, मेमरीच्या अशा चुका केसॅन (KASAN) हे साधन पकडतं. त्याचा रिपोर्ट आला की बहुतेक जण सगळ्यात वरचा स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं याची यादी) घेऊन बसतात: फ्री झालेल्या मेमरीला कुठल्या फंक्शनने हात लावला. मी तो शेवटी वाचतो. त्याच रिपोर्टात खाली आणखी दोन स्टॅक असतात, ही मेमरी कुणी घेतली होती आणि कुणी सोडली. आधी सोडणाऱ्याला गाठायचं. आता ही कुणीच वापरत नाही, हे त्याने कशाच्या जोरावर ठरवलं? हात लावणारा बिचारा बहुधा आपलं ठरलेलं काम करत असतो.

माझा संबंध जास्त करून लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हर्सशी, म्हणून तिथला नेहमी दिसणारा प्रकार घेतो. ड्रायव्हरमध्ये एक टायमर असतो. त्याच्या कॉलबॅकमध्ये (टायमर वाजला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपता, म्हणजे थांबून वाट बघता येत नाही, म्हणून तो खरं काम, म्हणजे वर्क, वर्कक्यू या मागून चालवायच्या कामांच्या रांगेवर टाकतो. ते वर्क डिव्हाइसशी बोलतं आणि जाता जाता टायमर पुन्हा लावून देतं. कुणीतरी डिव्हाइस उपटलं की डिस्कनेक्ट फंक्शन धावतं: डेल_टायमर_सिंक (टायमर काढतं; नव्या कर्नलमध्ये याचं नाव टायमर_डिलीट_सिंक), मग कॅन्सल_वर्क_सिंक (वर्क रद्द करतं), मग केफ्री (मेमरी सोडतं). वाचताना यात काही खटकत नाही. पण टायमर काढला तेव्हा दुसऱ्या सीपीयूवर वर्क चालू असेल, तर ते संपता संपता टायमर पुन्हा लावतं. कॅन्सल_वर्क_सिंक वर्क संपेपर्यंत इमानदारीने थांबतं, केफ्री होतं, आणि थोड्या वेळाने टायमर फ्री झालेल्या मेमरीत वाजतो. क्रम उलटा केलात तर आधी वर्क रद्द होतं, मधल्या फटीत टायमर वाजून नवं वर्क टाकतो. दोन्हीकडून मार.

इथे लोक दोन उपाय करतात आणि रिव्ह्यूमध्ये मी दोन्ही परत पाठवतो. पहिला, पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, आहे का ते तपासणं. केफ्री तुमचा पॉइंटर नल करत नाही, आणि तुम्ही स्वतः केलात तरी तपासणी आणि वापर यांच्यामध्ये जागा उरतेच. दुसरा, ‘बंद होतोय’ असा फ्लॅग, म्हणजे खूण. लॉकशिवाय (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाशिवाय) ठेवलेल्या फ्लॅगने फट अरुंद होते, बुजत नाही. मग तोच बग वर्षातून एकदाच दिसतो आणि शोधायला आणखी अवघड जातो.

पंगत उठायच्या आत मांडव सोडायचा नसतो: आधी नवे पाहुणे थांबवायचे, मग बसलेल्यांचं जेवण होऊ द्यायचं, मग दोऱ्या सोडायच्या. लिनक्स 6.2 पासून पहिल्या कामासाठी टायमर_शटडाउन_सिंक आहे. ते चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबतं आणि त्यानंतर कुणी टायमर लावायला गेलं तर मुकाट्याने दुर्लक्ष करतं. म्हणून आधी टायमर_शटडाउन_सिंक, मग कॅन्सल_वर्क_सिंक, शेवटी केफ्री. एक मात्र बघा: वर्क जो म्युटेक्स (लॉकचा एक प्रकार) घेतं तोच धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावू नका, दोघंही एकमेकांची वाट बघत बसतील. लॉकडेप (लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू ठेवलात तर तो हे सांगतो.

ऑब्जेक्ट यादीतून शोधला जात असेल तर कथा वेगळी. आरसीयूखाली (वाचणारा लॉक न घेता वाचतो आणि त्याचं होईपर्यंत मेमरी सोडली जात नाही, अशी पद्धत) वाचणाऱ्याला तो सापडतो, पण त्याच क्षणी त्याचा रिफकाउंट (तो किती जण वापरताहेत ही मोजणी) शून्यावर आलेला असू शकतो. तिथे साधं इन्क्रिमेंट म्हणजे मेलेल्याला उठवणं. रिफकाउंट_इंक_नॉट_झिरो वापरा, आणि ते खोटं परतलं तर ऑब्जेक्ट सापडलाच नाही असं धरा. सोडणाऱ्याने आधी यादीतून काढायचं, मग केफ्री_आरसीयू (आधीपासून वाचणाऱ्यांचं झाल्यावरच मेमरी सोडतं). जुन्या कोडमध्ये मोजणीला अजूनही साधा अ‍ॅटॉमिक दिसला तर त्याच्या जागी 2017 मध्ये, 4.11 सोबत आलेला रिफकाउंट_टी आणा. शून्यावरून वर जाणाऱ्याला तो इशारा देऊन पकडतो.

दुरुस्ती लागू पडली हे दाखवायला बग आधी हमखास घडवता आला पाहिजे. वरच्या उदाहरणात वर्क टायमर लावतं त्या ओळीच्या आधी अर्ध्या सेकंदाचा एमस्लीप (मुद्दाम घेतलेली झोप) टाका, केसॅनसह कर्नल बांधा आणि वर्क झोपलेलं असताना डिव्हाइस काढा. केसॅन सोडलेली मेमरी लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ बाजूला ठेवतो, म्हणून चोर जागेवर सापडतो. साध्या कर्नलमध्ये तीच जागा तेवढ्यात दुसऱ्या कुणाला गेलेली असते, आणि हल्ला करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पॅच लावून, एमस्लीप तसाच ठेवून पुन्हा तेच करा. रिपोर्ट आला नाही की मगच एमस्लीप काढा.

पॅचच्या संदेशात ‘रेस दुरुस्त केली’ एवढंच लिहू नका. सीपीयू 0 आणि सीपीयू 1 असे दोन रकाने करून कोण कधी काय करतं ते ओळीने मांडा. मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारा) आधी तेच बघतो. फिक्सेस टॅगमध्ये (‘Fixes:’ ने सुरू होणाऱ्या ओळीत) बग आणणाऱ्या कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाच्या, आयडीची किमान पहिली 12 अक्षरं द्या, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये पॅच कुठपर्यंत न्यायचा ते कळतं. रिपोर्ट सिझबॉटचा (कर्नलमधले बग आपोआप शोधणाऱ्या बॉटचा) असेल आणि त्यासोबत रिप्रोड्यूसर, म्हणजे बग पुन्हा घडवणारा प्रोग्रॅम, असेल, तर पॅच आधी त्यालाच ईमेलने तपासायला पाठवा. तो स्वतः चालवून निकाल कळवतो.