सेबर शिकताय? आधी पाय, मग पातं

कॉलेजच्या वयात किंवा तिशीनंतर तलवारबाजीकडे वळलेल्यांना पहिल्या दिवसापासून पातं फिरवायचं असतं. पण सेबर या तलवारबाजीच्या प्रकारात अंतर चुकलं की उत्तम वारही हवेत जातो, आणि अंतर पाय राखतात. सुरुवातीला निम्म्याहून अधिक सराव पावलांचाच ठेवा.

पुढचा पाय सरळ समोर, मागचा त्याला काटकोनात, दोन्ही टाचा एका रेषेत. दोन पायांत खांद्यांपेक्षा किंचित जास्त अंतर, गुडघे वाकलेले, वजन दोन्हीकडे सारखं. पुढे जाताना पुढचा चवडा उचला, टाच टेकवा, मग मागचा पाय तेवढाच पुढे घ्या. इथेच घोळ होतो: मागचा पाय जास्त सरकतो, तीन-चार पावलांत टाचा जवळ येतात आणि लंज (पुढचा पाय लांब टाकून केलेली झेप) मारायला जोरच उरत नाही. फरशीच्या सांध्यावर चालून बघा. मोबाईलवर बाजूने व्हिडिओ घ्या; डोकं वर-खाली होत असेल तर तुम्ही चालत नाही, उड्या मारताय. पुढे जाताना मागचा पाय पुढच्याच्या पुढे टाकायला सेबरमध्ये मनाई आहे. वार लागला तरी गुण रद्द होतो.

लंजमध्ये हात आधी निघतो, मग पाय. पुढचा पाय टाचेवर उतरवा, मागचा गुडघा ताठ करा, मागचा तळवा जमिनीला चिकटलेला राहू द्या. पुढचा गुडघा आत वळत असेल तर लंज छोटा करा, नाहीतर दुखणं मागे लागेल. मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांनी मांड्या आणि जांघा तापवल्याशिवाय लंज मारूच नये.

मूठ घट्ट आवळू नका. अंगठा मुठीच्या वरच्या बाजूला, तर्जनी त्याच्या समोर खालून, बाकीची बोटं सैल. वार बोटांनी आणि मनगटाने करायचा. कोपर मागे खेचलं की हल्ला आधीच कळतो आणि समोरच्याला मनगटावर मारायला जागा मिळते. इप्पी या दुसऱ्या प्रकारात गुणाचा दिवा लागायला टोकावर ७५० ग्रॅमचा दाब लागतो. सेबरमध्ये पातं लामे जॅकेटला (वीज वाहणाऱ्या धातूच्या कापडाचं वरचं जॅकेट) नुसतं टेकलं तरी दिवा लागतो. त्यामुळे जोरात मारून काहीच मिळत नाही. बचावात पॅरी (पात्याने वार अडवण्याच्या क्रमांक दिलेल्या स्थिती) तीन, चार आणि पाच एवढ्या पुरेत. डोक्यावरचा वार अडवणाऱ्या पाचमध्ये पातं मास्कपासून नीट वर आणि पुढे धरा. जवळ धरलं तर वार पात्यासकट मास्कवर बसतो.

दोन्ही खेळाडूंचे दिवे लागले तर गुण कोणाचा, हे पंच हल्ल्याच्या हक्कावरून ठरवतात: हात पुढे करत आधी कोण निघालं ते बघून. खेळाडू ४ मीटर अंतरावर उभे राहतात, म्हणून बरेच निकाल पहिल्या दोन पावलांतच लागतात. गटातली लढत ५ गुणांची, बाद फेरीतली १५ची. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या भवानीदेवीने पहिली लढत १५-३ अशी जिंकली.

साहित्य लगेच विकत घेऊ नका, प्रशिक्षण केंद्रातलं वापरा. आधी स्वतःच्या मापाचा ग्लोव्ह घ्या, मग मास्क. मोठ्यांना पातं ५ नंबरचं लागतं. जॅकेटच्या आत प्लास्ट्रॉन (आतून घालायचं संरक्षक कवच) हवाच. काखेकडची बाजू तोच झाकतो. दर वेळी खेळण्याआधी पात्यावरून नजर फिरवा. तडा दिसला तर ते बाजूला ठेवा, कारण मोडलेलं पातं टोकदार होतं.